क्लचचा होज पाइप : बिघाड व बदली

द्रवचलित क्लच असलेल्या मोटारीत पेडलाशी जोडलेला मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह सिलिंडर यांच्यामधील नळीचा लवचिक भाग म्हणजे होज पाइप. पेडल दाबले की द्रवावर पडलेला दाब पास्कलच्या नियमानुसार नळीतून पुढे पोहोचतो, स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या सरकतो आणि क्लच सुटतो. इंजिन व गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर हलत असतात, मास्टर सिलिंडर मात्र गाडीच्या अंगाला पक्का बसवलेला असतो. म्हणून पोलादी नळीच्या मध्ये एक तुकडा धाग्यांच्या विणीने बळकट केलेल्या रबराचा ठेवावा लागतो.

होज दोन प्रकारे निकामी होतो. रबराला तडे जाऊन किंवा टोकाच्या दाबून बसवलेल्या जोडापाशी गळती सुरू झाली, तर पेडल तळाला जाऊन बसते आणि गिअर, विशेषतः रिव्हर्स, खरखरतो. दुसरा प्रकार फसवा असतो. बाहेर थेंबही दिसत नाही, पण आतला थर मऊ पडल्यामुळे दाब देताच होज फुगतो आणि पेडलाची चाल त्या फुगण्यातच खर्ची पडते. अनेकदा मग दोष नसलेले दोन्ही सिलिंडर बदलले जातात. क्वचित आतल्या अस्तराची साल सुटून ती झडपेसारखी वागते: द्रव पुढे जातो पण परत येत नाही आणि क्लच घसरत राहतो. होज फुगतो का हे पाहायला एकाने पेडल दाबावे आणि इंजिन बंद ठेवून दुसऱ्याने होज मुठीत धरावा. निरोगी होज जवळजवळ तसाच राहतो, थकलेला होज हाताला स्पष्ट फुगलेला जाणवतो.

पुष्कळ गाड्यांत ब्रेक व क्लचची टाकी एकच असते आणि क्लचची तोटी मुद्दाम वरच्या अंगाला दिलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरता द्रव उरतो. त्यामुळे टाकी अर्धी भरलेली दिसली तरी क्लचच्या नळीत हवा शिरलेली असू शकते.

फुटलेला होज सांधता येत नाही, तो बदलावाच लागतो. मध्ये इंधनाची नळी घालून पट्ट्यांनी आवळण्याचा जुगाड टिकत नाही, कारण इथला दाब तिच्या कुवतीपलीकडचा असतो आणि तिचे रबरही बहुधा क्लचच्या नळीत द्रव म्हणून असलेल्या ब्रेक ऑइलला चालणारे नसते.

गाडीखाली जायचे असेल तर चाकांना अटकाव लावून गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवतात. पोलादी नळीचा नट साध्या पान्याने गोल होतो. त्याला फ्लेअर नट पाना (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा) लागतो, आणि होजचा षट्कोन दुसऱ्या पान्याने धरला नाही तर नळीच पिळली जाते. तो नट सुटल्यावर ब्रॅकेटची क्लिप काढून होजचे स्लेव्हकडील टोक सोडवतात. बसवताना क्रम उलटा: आधी स्लेव्हकडील टोक, शेवटी पोलादी नळी. बॅन्जो जोड (पोकळ बोल्टने आवळलेला कडीसारखा जोड) असल्यास तांब्याचे वायसर नवेच घालावेत. होजवर लांबीने छापलेली रेघ सरळ दिसली, तर त्याला पीळ पडलेला नाही असे समजावे. काही गाड्यांत मात्र संपूर्ण नळी प्लॅस्टिकची असून ती तारेच्या क्लिपने व ओ-रिंगने अडकवलेली असते. तिथे पाना लागत नाही.

खरा वेळ नळीत शिरलेली हवा काढण्यात जातो. स्लेव्ह सिलिंडरवरच्या निपलला (हवा सोडण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवतात. पेडल खाली दाबून धरायचे, निपल उघडायचा, तो बंद झाल्यावरच पेडल वर घ्यायचे. सुरुवातीला पेडल आपोआप वर येत नाही, ते हाताने उचलावे लागते. बाटलीत बुडबुडे थांबेपर्यंत हे चालते आणि टाकी मध्येच रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. द्रव टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच घ्यावा: डॉट ३ व डॉट ४ या प्रतींचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते, सिलिकॉनचा डॉट ५ त्यांत मिसळत नाही, आणि खनिज तेल चुकून पडले तर रबरी सील फुगून सगळेच काम वाढते. ग्लायकॉलचा द्रव रंग उडवतो, तेव्हा सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावा. तो हवेतील ओलावाही शोषतो, म्हणून उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नये.

शेवटी इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबावे व रिव्हर्स टाकून पाहावा. तो आवाज न करता पडायला हवा. दुसऱ्या दिवशी टाकीची पातळी आणि दोन्ही जोड ओलसर झाले आहेत का, हे एकदा तपासतात; टाकी सामाईक असेल तर ब्रेकचे पेडलही.