अश्रुधूर, जिने आणि बंद दरवाजे : मैदानावरच्या दंगलीत माणसं कशाने मरतात

१ ऑक्टोबर २०२२ची रात्र. इंडोनेशियाच्या पूर्व जावा प्रांतातल्या मलांग शहराजवळचं कांजुरुहान स्टेडियम. अरेमा हा यजमान फुटबॉल संघ कट्टर प्रतिस्पर्धी पर्सेबाया सुराबायाकडून ३-२ असा हरला. घरच्या मैदानावर पर्सेबायाकडून हरण्याची अरेमावर तेवीस वर्षांत प्रथमच वेळ आली होती. सामना संपला तसे आधी दोनचार जण मैदानात उतरले, मग शेकडो, मग हजारो. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्यानंतर अश्रुधुराची नळकांडी फोडली. त्यातली काही थेट स्टँडमध्ये जाऊन पडली. तिथले बहुतेक प्रेक्षक जागेवरच होते. त्यांत मुलंबाळं घेऊन आलेली कुटुंबंही होती. धूर डोळ्यांत गेल्यावर सगळेच दरवाजांकडे धावले. काही दरवाजे बंद होते, काही एकावेळी दोघं जेमतेम जातील इतकेच उघडे होते. त्या रात्रीच्या मृतांचा आकडा १३५वर गेला.

या सामन्यासाठी पर्सेबायाच्या चाहत्यांना स्टेडियममध्ये प्रवेशच नव्हता. दोन संघांचे पाठीराखे समोरासमोर येऊ नयेत म्हणून ही खबरदारी घेतली होती. मृतांमध्ये दोन पोलीस होते, बाकी सगळे यजमान संघाचे प्रेक्षक. म्हणजे 'दोन टोळ्या भिडल्या आणि माणसं मेली' हे ठरलेलं स्पष्टीकरण इथे लागूच पडत नाही. धोक्याच्या खुणा आधीपासून दिसत होत्या. पोलिसांनी सामना दुपारी घ्यायला सांगितलं होतं, तो रात्रीच झाला. अडतीस हजारांची मर्यादा सुचवलेली असताना बेचाळीस हजारांच्या आसपास तिकिटं विकली गेली. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिच्या सुरक्षा नियमांत मैदानाच्या कडेला तैनात पोलिसांनी असा वायू बाळगूही नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

प्रेक्षकांच्या हिंसेबद्दल बोलताना दोन प्रश्न कायम एकमेकांत मिसळले जातात. हुल्लड का सुरू होते, हा एक. माणसं का मरतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मानसशास्त्राकडे आहे. दुसऱ्याचं बहुतेक वेळा स्थापत्यात आणि बंदोबस्तात सापडतं.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यावर आज, लगेच काम करता येतं.

गर्दी मोजायचं एकक म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली माणसं. चार माणसं असतील तर दाटी वाटते, पण पाय हलवता येतात. पाच-सहा झाली की अंगाला अंग लागतं आणि आपल्या मर्जीने दिशा बदलणं अवघड होतं. सातच्या पुढे गर्दी एखाद्या द्रवासारखी वागू लागते. मागच्या रांगेतला धक्का लाट होऊन पुढे सरकतो आणि माणूस पाय न उचलता काही फूट वाहत जातो. मागच्या माणसाला पुढे काय चाललंय हे दिसत नसतं. तो थोडासाच पुढे सरकतो, पण असे शेकडो 'थोडे' एकत्र आले की पुढचा लोखंडी कठडाही वाकतो. अशा वेळी माणसं बहुधा पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत, ती उभ्या उभ्या गुदमरतात. श्वास घ्यायला छातीचा पिंजरा फुलावा लागतो आणि चारही बाजूंनी दाब असला की तो फुलत नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होते.

ही मिनिटं लक्षात ठेवून जिन्यांचं गणित मांडून बघा. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी 'ग्रीन गाईड' नावाची मार्गदर्शिका वापरतात. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजी एका जिन्यावर ६६ जणांचा चेंगरून मृत्यू झाला, त्यानंतर ती तयार झाली. त्या दिवशी दंगलही नव्हती, मारामारीही नव्हती. लोक सामना संपवून घरी निघाले होते. या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं सुरळीत जातात, जिन्यावरून ६६. म्हणजे १.२ मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ७९ आणि आठ मिनिटांत सुमारे ६३०. सहा हजारांचा स्टँड आठ मिनिटांत रिकामा करायचा तर असे दहा जिने हवेत. त्यांतल्या पाच जिन्यांखालचे दरवाजे कुणी 'फुकटे आत घुसतात' म्हणून कुलूपबंद ठेवले, तर वेळ पंधरा मिनिटांवर जातो. हे गणितही शांतपणे चालणाऱ्यांचं आहे, डोळे चुरचुरत असलेल्यांचं नाही.

अश्रुधूर बरोबर इथेच घात करतो. त्याचा हेतू माणसांना पांगवण्याचा, आणि पांगायला मोकळी जागा लागते. रस्त्यावर ती असते, स्टँडमध्ये नसते. तिथून निघायची वाट म्हणजे अरुंद बोगदा आणि त्यापुढे उतरता जिना. डोळे मिटलेले, खोकल्याची उबळ आलेली, छाती आवळलेली अशी माणसं त्या बोगद्यात शिरतात. पहिला पायरीवर अडखळतो, दुसरा त्याच्यावर पडतो, आणि वरून येणाऱ्यांना खाली रचलेली माणसं दिसतच नाहीत. खालचा दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा असेल, तर दाबाखाली तो कुणालाच उघडता येत नाही. एकदा माणसांचा असा ढीग गुंतला की एकेकाला ओढून काढणंही जमत नाही.

हे सगळं १९६४ सालीच घडून गेलं होतं. २४ मे रोजी पेरूची राजधानी लिमा इथे पेरू आणि अर्जेंटिना यांच्यात ऑलिंपिक पात्रतेचा सामना होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना पेरूचा बरोबरीचा गोल पंचांनी नाकारला. दोन प्रेक्षक मैदानात धावले, पोलिसांनी त्यांना मारताना सगळ्यांनी पाहिलं, वस्तूंचा मारा सुरू झाला आणि स्टँडवर अश्रुधूर सोडला गेला. लोक जिन्यांवरून खाली धावले, पण खालची पोलादी शटर बंद होती. सरकारी आकडा ३२८ मृतांचा आहे. मैदानात राहून आरडाओरडा करणाऱ्यांपैकी बहुतेक वाचले. बाहेर पडू पाहणारे गेले. ९ मे २००१ रोजी घानाची राजधानी आक्रा इथे हाच क्रम पुन्हा घडला: हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांनी वस्तू फेकल्या, अश्रुधूर सोडला गेला, दरवाजे बंद होते आणि सव्वाशेहून अधिक माणसं मेली. लिमा ते कांजुरुहान अठ्ठावन्न वर्षं लोटली आणि कृती तीच राहिली, याचा संताप यायलाच हवा.

आता पहिला प्रश्न. गर्दीत शिरला की माणूस विवेक गमावतो, झुंडीचं एक सामूहिक मन तयार होतं, ही कल्पना फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५मध्ये लोकप्रिय केली. आजही दंगलीच्या बातम्यांमधून तीच वाजत असते. प्रत्यक्ष दंगलींचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र वेगळंच दिसलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशर यांनी १९८०च्या ब्रिस्टल दंगलीचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा लोकांनी लक्ष्य निवडून हल्ले केल्याचं आढळलं. पोलीस आणि काही ठरावीक ठिकाणं लक्ष्य झाली, शेजारची घरं नाही. गर्दीत माणसाची ओळख पुसली जात नाही, ती बदलते. 'मी' मागे पडून 'आम्ही' पुढे येतो, आणि आम्ही कसे वागतो याचे अलिखित नियमही सोबत येतात.

या 'आम्ही'त कोण कोण मोडतं हे मात्र समोरचा कसा वागतो यावर ठरतं. मानसशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉट आणि त्यांचे सहकारी इंग्लंडच्या चाहत्यांबरोबर परदेशातल्या स्पर्धांना जाऊन हेच टिपत आले आहेत. चौकात हजार माणसं गात उभी आहेत असं धरू. त्यांतले वीस जण भांडण उकरायला आले आहेत, बाकीच्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. कुणीतरी बाटली फेकतो आणि पोलीस अख्ख्या हजारांवर लाठीमार करतात. ज्याने काहीच केलं नाही त्याच्या पाठीतही लाठी बसते. त्या क्षणी त्याच्या दृष्टीने वीस जण बरोबर ठरतात आणि पोलीस शत्रू. जे भांडखोर मिनिटापूर्वी एकटे होते, त्यांच्यामागे हजारांचं बळ उभं राहतं. दंगल पेटते ती अशी. दर्दी चाहत्यांमधले मूठभर ठरवून मारामारीला येतात हे खरंच आहे, त्यांच्या टोळ्या असतात, आणि त्यांच्यावर इंग्लंडमध्ये सामनाबंदीचे न्यायालयीन आदेश निघतात. परदेशी सामन्याच्या काळात त्यांना पासपोर्टही जमा करावा लागतो. पण मूठभरांचे हजार कसे होतात, याचं उत्तर त्या मूठभरांमध्ये सापडत नाही.

पोर्तुगालने २००४च्या युरो फुटबॉल स्पर्धेत हे ज्ञान प्रत्यक्ष वापरलं. सामन्यांच्या शहरांमधले पोलीस साध्या गणवेशात, जोडीजोडीने चाहत्यांमध्ये फिरत, गप्पा मारत, रस्ता सांगत. दंगलविरोधी तुकड्या जवळच, पण नजरेआड ठेवल्या होत्या. कुणी आगळीक केलीच तर तेवढ्याच माणसाला बाजूला घ्यायचं, घोळक्याला हात लावायचा नाही. या शहरांत इंग्लंडच्या चाहत्यांचा मोठा दंगा झाला नाही. खोडी काढणाऱ्याला बाकीचे चाहतेच गप्प करत होते. त्याच स्पर्धेत अल्बुफेरा या समुद्रकाठच्या गावात मात्र दंगा झाला. तिथला बंदोबस्त वेगळ्या दलाकडे होता, आणि त्या दलाने ही पद्धत स्वीकारलेली नव्हती.

पराभवाने डोकं फिरतं, हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत १९८४ साली डेट्रॉइटच्या संघाने बेसबॉलची वर्ल्ड सीरीज जिंकली आणि शहरात जाळपोळ झाली. कॅनडातलं व्हँकूव्हर २०११मध्ये आइस हॉकीची अंतिम लढत हरल्यावर पेटलं. खेळाचा परिणाम घराच्या चार भिंतींतही जातो आणि तो तर कॅमेऱ्यात दिसतही नाही. इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या पोलीस नोंदींवरच्या अभ्यासात, फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड जिंकलं किंवा बरोबरीत राहिलं त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी २६ टक्क्यांनी आणि हरलं त्या दिवशी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. स्टेडियमबाहेर शंभर पोलीस उभे करून या बायकांचं रक्षण होत नाही.

आपल्याकडचा इतिहास या चौकटीत नीट बसतो. १ जानेवारी १९६७, ईडन गार्डन्स, वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीचा दुसरा दिवस. जागेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटं विकली गेली होती, त्यामुळे प्रेक्षक सीमारेषेपर्यंत सांडले. त्यांना हटवायला लाठ्या चालल्या, एका प्रेक्षकाला पोलिसांनी बेदम मारलेलं हजारोंनी पाहिलं आणि स्टँडला आगी लागल्या. दिवसाचा खेळच झाला नाही. मुंबईत ब्रेबॉर्नवर नोव्हेंबर १९६९मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. अनेकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होता, आणि चेंडू बॅटला लागलाच नाही असं समालोचक सांगत होता. तो निर्णय चुकीचा आहे ही खात्री एकाच क्षणी हजारो कानांत पोचली. मग बाटल्या, खुर्च्या आणि आग. आजच्या काळात त्या ट्रान्झिस्टरची जागा प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलने घेतली आहे. वादग्रस्त निर्णयाचा रिप्ले मोठ्या पडद्यावर दाखवायचा की नाही, हा म्हणून सुरक्षेचाही प्रश्न आहे. निर्णय कसा झाला हे टप्प्याटप्प्याने सगळ्यांना दिसलं तर संशयाला जागा कमी राहते, असं माझं मत आहे.

प्रेक्षकांना आधीच गुंड ठरवल्यावर काय होतं, याचं सगळ्यात विदारक उदाहरण इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानाचं. हुल्लडबाज मैदानात येऊ नयेत म्हणून स्टँडपुढे उंच जाळ्या उभारल्या होत्या. १५ एप्रिल १९८९ रोजी मधल्या दोन कप्प्यांत बेसुमार गर्दी सोडली गेली. जीव वाचवायला जाळीवर चढणारी माणसं पोलिसांना मैदानावर चाल करून येणारी वाटली, म्हणून सुरुवातीला त्यांना मागेच ढकललं गेलं. या दुर्घटनेने ९७ बळी घेतले. दोष चाहत्यांवर टाकला गेला. तो त्यांचा नव्हता हे चौकशी ज्युरीने मान्य करायला २०१६ उजाडलं.

बेंगळुरूला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण गेले. तिथे दंगलीचा प्रश्नच नव्हता. क्षमतेच्या कित्येक पट लोक दरवाजांपाशी लोटले होते. वानखेडे असो, गहुंजे असो की मडगावचं फातोर्डा, आयोजकांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. प्रत्येक दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडतो का? सामना चालू असताना तो बिनकुलपाचा असतो का? किल्ली असलीच तर ती घेऊन माणूस तिथेच उभा असतो का? स्टँडमधली गर्दी कोण मोजतं, आणि प्रवेश थांबवायचा अधिकार कुणाला आहे?

प्रेक्षक म्हणून स्वतः करण्यासारखंही बरंच आहे. जागेवर बसल्यावर आलो त्याशिवाय दुसरी वाट कुठली ते पाहून ठेवा, कारण घाबरलेली गर्दी आलेल्या वाटेनेच परत जाते. गर्दी दाटू लागली आणि हात खाली अडकले असतील तर तेव्हाच वर घ्या. कोपरं वाकवून छातीपुढे धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. रेट्याविरुद्ध ढकलू नका. लाट ओसरते त्या क्षणी तिरकं, कडेच्या बाजूला सरका. भिंती आणि कठडे टाळा. पडलेला मोबाइल किंवा चप्पल उचलायला वाकू नका. ओरडण्यात श्वास घालवू नका. लहान मूल सोबत असेल तर खांद्यावर किंवा छातीशी उंच घ्या. पडलातच आणि उठता येत नसेल तर पालथं किंवा उताणं न राहता कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी डोकं झाका. अश्रुधूर आला तर डोळे चोळू नका आणि सगळे धावतात म्हणून बोगद्याकडे धावू नका. तोंडावर कापड धरून वाऱ्याची दिशा पाहा आणि उघड्या जागेकडे सरका. मैदानाकडचं फाटक उघडं असेल तर अशा वेळी मैदान हीच सगळ्यात सुरक्षित जागा असते.