मोठ्या चाकांची खुर्ची की लहान चाकांची?

मिरजेच्या दवाखान्यातून आण्णांना सांगलीला घरी आणायचं ठरलं, तेव्हा घाईत आम्ही एक व्हीलचेअर घेतली. वजनाला कमी होती, घडी झटकन व्हायची, गाडीच्या डिकीत मावायची. "सगळ्या सारख्याच असतात, ही उचलायला सोपी," असं दुकानात सांगितलं आणि आम्हाला ते पटलं. चारही चाकं लहान आहेत याकडे घरातल्या एकाचंही लक्ष गेलं नाही.

आण्णांच्या मणक्याला मार लागून पाय गेले होते. हात मात्र जन्मभर द्राक्षबागेत राबलेले, चांगले धडधाकट. त्या हातांना धरायला चाकच नव्हतं. तांब्या घ्यायचा तरी हाक, खिडकीशी जायचं तरी हाक. चार-पाच दिवसांत त्यांनी हाका मारणंच कमी केलं. पाणीही कमी प्यायला लागले, कारण पुढे बाथरूमसाठी पुन्हा कुणाला तरी उठवावं लागणार. चूक खुर्चीची आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दोन्हींना व्हीलचेअरच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. मोठ्या चाकांच्या खुर्चीची मागची चाकं साधारण २४ इंचांची असतात आणि त्यांना बाहेरून एक कडं असतं. बसलेला माणूस ते कडं हाताने ढकलून स्वतः पुढे, मागे जातो, वळतो. लहान चाकांच्या खुर्चीची मागची चाकं १२ इंचांच्या आसपास असतात. तिथे हात पोचत नाही. ती मागून दुसऱ्याने ढकलायची खुर्ची आहे. आणि मोठ्या चाकांच्या खुर्चीलाही मागे मुठी असतातच, म्हणजे लागेल तेव्हा तीही ढकलता येते. उलटं मात्र होत नाही. म्हणून हातात थोडी जरी ताकद असेल, तर मी मोठ्या चाकांचीच घ्या म्हणेन.

हातांत किती असतं, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं.

लहान चाकांची खुर्ची वाईट नाही, तिचं काम वेगळं आहे. आमच्या आत्याचं वय झालंय, घरात ती काठी धरून फिरते, पण दवाखान्यात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये लांब चालवत नाही. तिच्यासाठी हीच बरी. शिवाय सीट तेवढीच असली तरी ही तीन-चार इंचांनी अरुंद असते, त्यामुळे जुन्या घरांच्या दारांतून निघते. मोठ्या चाकांची १८ इंची सीटची खुर्ची बाहेरून २५-२६ इंच भरते, आणि आपल्याकडे बाथरूमचं दार कित्येकदा दोन-सव्वादोन फुटांचंच. दार उघडून, फळी आणि चौकट यांच्यामधली मोकळी जागा टेपने मोजा, मगच दुकानात जा. खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र लहान चाकं पटकन अडकतात. उंबऱ्यावरून न्यायची तर खुर्ची उलटी फिरवून, मागची चाकं आधी ओढून घ्यावी लागतात.

अर्धांगवायू झालेल्यांची गोष्ट निराळी. एक हात, एक पाय चांगला असतो. तेवढ्यावरही खुर्ची चालवता येते, एका हाताने कडं ढकलायचं आणि त्याच बाजूच्या पायाने जमिनीवर रेटा द्यायचा. त्यासाठी टाच जमिनीला टेकली पाहिजे. सीट १९-२० इंच उंच असली तर ठेंगण्या बाईचे पाय लोंबकळतात. अशा वेळी कमी उंचीची सीट आणि त्या बाजूचा निघणारा फूटरेस्ट मागून घ्या.

सीट किती रुंद? बसल्यावर दोन्ही बाजूंना मिळून इंचभर मोकळं राहावं. ऐसपैस बरी म्हणून मोठी घेतली की माणूस एका अंगाला कलतो आणि चाकापर्यंत हात नेताना खांदे दुखतात. पलंगावरून खुर्चीवर सरकायचं असेल तर निघणारे आर्मरेस्ट हवेतच. आणि गादी. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांना रेक्झिनच्या नुसत्या झोळावर बसवू नका. टोचतंय हे त्यांना कळत नाही आणि बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, होतो. आण्णा दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलतात, तरीही त्यांना चांगली गादी लागतेच.

कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी वजनाचाही विचार करावा. साध्या लोखंडी खुर्चीचं वजन १७-१८ किलोच्या पुढे जातं, ॲल्युमिनियमची त्याहून बरीच कमी. २०१९ सारखं पाणी चढलं तर माणूसही वर न्यायचा असतो आणि खुर्चीही.

४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर केंद्र सरकारच्या अपंगांसाठीच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात. शिबिरात आधी तपासणी होते, मग वाटप. तपासणीला घरातलं दुसरं कुणी न जाता ज्याला बसायचंय त्यालाच न्या, आणि खुर्ची कोण ढकलणार हे तिथे स्वतःहून सांगा.