'गडी' : कबड्डीवरच्या नव्या नाटकाची पार्श्वभूमी

सांगलीत सध्या तालमी सुरू असलेलं नवं नाटक कबड्डीच्या संघाचं आहे. सात गडी, एक प्रशिक्षक, आणि सातांपैकी एकाबद्दल बाकी सहांना ठाऊक असलेली, पण कुणीच तोंडातून न काढलेली गोष्ट.

१८४३ मध्ये इथं मराठी नाटक सुरू झालं तेव्हापासूनची नाट्यपंढरी सांगलीची कहाणी सगळ्यांना पाठ आहे. इथं कामाचं एवढंच की, बायकांची कामं तेव्हा पुरुषच करत. मिशी उतरवून नऊवारी नेसणाऱ्या नटाला लोकांनी डोक्यावर घेतलं; आखाड्यात मात्र पोरांना 'लंगोटाचा पक्का राहा' म्हणून बजावलं जाई. कुस्तीची ती तालीम, नाटकाचीही तालीमच.

खरा वाद नावावरून पेटला. नटांपैकी काहींना 'खेळाडू' हवं होतं, लेखक 'गडी'वर अडून बसला. आपल्याकडे गडी म्हणजे पुरुष, गडी म्हणजे शेतावर राबणारा नोकर, गडी म्हणजे भिडू. मैदानात हाच गडी 'मरतो' आणि आपल्याकडच्यानं गुण आणला की 'जिवंत' होतो. महिला क्रिकेटच्या बातमीतही 'सहा गडी राखून विजय' छापतात. सांगलीत वाढलेली सलामीची फलंदाज स्मृती मानधना बाद झाली तरी 'पहिला गडी' गेला म्हणतात. तिथं कुणाला खटकत नाही. मला वाटतं आक्षेप शब्दाला नाहीच. नाटकात एका पोराला उद्देशून 'हा गडी न्हवं' असं वाक्य येतं, ते झोंबतंय.

नाटकाचा पेच स्पर्शात आहे. चढाईत बोट लागलं की नाही, हे कित्येकदा ज्याला लागलं त्यालाच कळतं. पंचांना दिसलं नाही तर तो तसाच उभा राहतो. एखादाच हात वर करून आपणहून बाहेर जातो.

२०१४ नंतर मॅटवरची कबड्डी टीव्हीवर घरोघरी पोचली आणि कॅमेऱ्यानं तेही लपेनासं केलं. कायद्याचं उलटसुलट झालं ते याच सुमारास: समलिंगी संबंध २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गुन्ह्यातून वगळले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा गुन्ह्यात आणले, ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयानं मोकळे केले. जुन्या खर्ड्यात शेवटी पोलीस येत होते. तो प्रवेश लेखकानं काढून टाकला. आता शेवटी कपडे बदलायची खोली आहे. सहा जण भिंतीकडं तोंड करून जर्सी काढताहेत आणि सातवा बुटाची नाडी सोडत बसलाय.