उसाच्या मुलखातली रेड वाईन : टेस्टिंगला येण्याआधी वाचायचं पत्रक

शनिवारच्या टेस्टिंगसाठी नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला हे पत्रक आम्ही आधीच पाठवतो, कारण एकदा बाटल्या उघडल्या की आमचं कोणी ऐकत नाही. आम्ही तिघं मिळून हा छोटा व्यवसाय चालवतो. वाईन बनवत नाही, विकतही नाही. लायसन्स असलेल्या जागेत टेबल मांडतो, चार बाटल्या उघडतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो. या वेळच्या चारही बाटल्या रेडच्या आहेत, चारही महाराष्ट्रातल्या आहेत, त्यातली एक सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची आहे आणि दुकानात एकीचीही किंमत हजार रुपयांच्या वर नाही.

फोनवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा : "अकलूजची वाईन? तिथे साखर कारखाने ना?"

हो, तिथेच

वाईन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नाशिक येतं, आणि ते बरोबरच आहे. सुलाची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली आणि त्यानंतर गंगापूर धरणाच्या आसपासचा भाग सहलीचं ठिकाण होऊन बसला. नारायणगावचं नाव त्याच्याही आधीचं आहे. सोलापूर जिल्ह्याकडे मात्र वाईनसाठी कोणी बघत नाही. माळशिरस तालुका म्हणजे नीरा उजव्या कालव्याचं पाणी, ऊस, केळी आणि उन्हाळ्यात डोकं भणाणून सोडणारं ऊन.

पण द्राक्ष सोलापूरला नवं नाही. तुम्ही फेब्रुवारीत हातगाडीवरून जी लांबट, गोड 'सोनाका' घेता, ती याच जिल्ह्यातली. सोलापूर, नान्नज आणि ती शोधणारे काळे, या तिघांची पहिली अक्षरं जोडून ते नाव तयार झालं आहे. वाईनचं द्राक्ष वेगळं असतं, एवढंच. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला घेतलंत तर गोड लागेल, पण साल आणि बिया तोंडात घोळत राहतील. वाईनला नेमकं तेच हवं असतं. घरी एखादा काळा मणी सोलून बघा. आतला गर फिकट हिरवट असतो. रेड वाईनचा सगळा रंग आणि सगळा तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून रस आंबवताना तो सालीसकट ठेवतात.

अकलूजला हे सुरू झालं ते तीन घरांतल्या भावांमुळे. एक घर अकलूजचं, एक दिल्लीचं आणि एक थेट इटलीचं. म्हणून कंपनीचं नावही 'फ्रातेल्ली', इटालियन भाषेत 'भाऊ'. वाईनमेकर म्हणून पिएरो मासी आले, ते इटलीतल्या टस्कनीचे. टस्कनीचं घरचं द्राक्ष म्हणजे सांजोवेझे, ज्याची कियांती वाईन होते. ते द्राक्ष माळशिरस तालुक्यात रुजलं ते असं.

एक पीक, दोन छाटण्या

हा भाग थोडा शेतीचा आहे, पण तो कळला की ग्लासातलं निम्मं कळतं.

युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. पानं गळतात, बागेवर बर्फ पडतो, वसंतात फुटवा येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्याकडे वेलीला झोप अशी लागतच नाही. तिला सोडून दिलं तर ती बारा महिने वाढत राहील. म्हणून आपला बागायतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून पावसाळाभर नुसती काडी तयार होते. मग पाऊस ओसरता ओसरता गोडी छाटणी, आणि त्या फुटव्याला घड. म्हणजे मणी भरतात ते थंडीत आणि तोडणी होते जानेवारी ते मार्चमध्ये, युरोपच्या बरोबर उलट ऋतूत.

यात एक गोम आहे. युरोपात फळ पिकत जातं तसतसे दिवस थंड होत जातात. आपल्याकडे पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात उन्हाळा दारात येऊन उभा असतो. फेब्रुवारी संपताना ऊन वाढलं की साखर झपाट्याने चढते, पण साल आणि बी अजून कच्चीच राहू शकते. थांबावं तर आंबटपणा उतरतो, तोडावं तर वाईन हिरवट लागते. निफाडच्या बाजूला थंडीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, त्या रात्री फळाचा आंबटपणा धरून ठेवतात. सोलापूरकडे एवढी मुभा नाही.

एका बागेत आम्ही तोडणीच्या आदल्या आठवड्यात गेलो होतो. साखर मोजायचं यंत्र खिशात होतं, पण बागायतदाराने ते काढलंच नाही. एक मणी तोंडात टाकला, गर गिळला आणि बी दाताखाली धरली. "ऐका," म्हणाला. कट्ट असा आवाज आला, फुटाणा फोडल्यासारखा. मग दुसऱ्या ओळीतला मणी घेतला. ती बी चिवट होती, हिरवट, आवाजच नाही. "ही ओळ अजून पाच-सहा दिवस." आम्हीही चावून बघितली. दुसरी बी इतकी कडू आणि तुरट होती की पाणी पिऊनही जीभ सुटेना. तीच चव स्वस्त रेडमध्ये कधीकधी मागून येते. आली की समजा, तोडणी घाईने झाली.

आमच्या हातून झालेली चूक

आमची पहिली टेस्टिंग मे महिन्यात, दुपारी चार वाजता, पंख्याच्या हॉलमध्ये झाली. पुस्तकात वाचलं होतं की रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी. आम्ही बाटल्या टेबलावरच ठेवल्या. पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि एकजात सगळे म्हणाले, "दारू लागते हो नुसती." खरंच तशी लागत होती. वास नाकात झोंबत होता, घसा जळत होता.

'रूम टेंपरेचर' हा शब्द थंड देशातल्या दगडी घरांसाठी होता, 16 ते 18 अंशांसाठी. पुण्यात मे महिन्यातली खोली म्हणजे 34 अंश. त्या संध्याकाळी उरलेल्या बाटल्या आम्ही वैतागून फ्रिजमध्ये टाकल्या आणि तासाभराने स्वतःसाठी एक ओतली. तीच वाईन, पण आता फळ लागत होतं.

तेव्हापासून एकच सांगणं : रेड प्यायच्या आधी पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं. ग्लासात बर्फ मात्र घालू नका. आपल्याकडच्या परवडणाऱ्या रेडबद्दलच्या निम्म्या तक्रारी आमच्या मते वाईनच्या नसून तापमानाच्या असतात.

दुकानातही हेच बघा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. कॉर्क किंचित वर आलेलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ असेल तर ती तापलेली आहे. तिला शिजवलेल्या मनुकांचा, काकवीसारखा वास येतो. बाटली भरल्याची तारीख वाचा. या किमतीची वाईन मुरवत ठेवण्यासाठी नसते, दोन-तीन वर्षांत प्यावी. आणि फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नका, आपल्या हवेत आम्हाला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

तुरट म्हणायला लाजू नका

वाईनबद्दल बोलायला इंग्रजी पुस्तकातली फळं पाठ करायची गरज नाही. ब्लॅककरंट आपल्यातल्या किती जणांनी खाल्लं आहे? उलट, जो गुण रेड वाईनचा कणा आहे त्याला आपल्याकडे रोजचा, घरचा शब्द आहे : तुरट. सुपारी, जांभूळ, कच्चं केळं, जास्त उकळलेला कोरा चहा. हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला जी ओढ बसते, तीच. वाईनमधली टॅनिन, म्हणजे साल-बियांतून येणारी तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, म्हणून तोंड कोरडं पडतं. आंबट लागलं की मात्र तोंडाला पाणी सुटतं. कोरडं पडलं तर तुरट, पाणी सुटलं तर आंबट, हा फरक पहिल्या दहा मिनिटांत जमतो.

ग्लास एक तृतीयांशच भरा, देठाला धरून फिरवा, आधी वास घ्या. घोट तोंडात चार-पाच सेकंद फिरवून मग गिळा किंवा थुंका. थुंकण्यासाठी प्रत्येक टेबलावर भांडं आहे. चार वाईन नीट कळाव्यात असं वाटत असेल तर ते वापरा. आम्ही वापरतो.

ज्यांनी आजवर रेड म्हणून फक्त गोव्याहून आणलेली गोड 'पोर्ट' घेतली आहे, त्यांना पहिला घोट कोरडा वाटेल. गोडी नाही म्हणजे वाईन बिघडली असं नाही. साखरेचा अल्कोहोल झाला, एवढाच अर्थ.

टेबलावर काय असेल

पहिली अकलूजची सांजोवेझे. रंग पातळ, ग्लासाखाली बोट धरलं तर दिसेल. चव अर्धवट पिकलेल्या करवंदाची, मागे आमसुलाचा आंबटपणा. चौघींत आमची आवडती हीच, पण पहिल्या घोटात मतदान घेतलं तर ती नेहमी हरते.

मग नाशिकची शिराज. हिच्यात मिरी शोधा. हा कल्पनाविलास नाही. मिरीचा वास ज्या रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, तेच शिराजच्या सालीत असतं. पाचांतल्या साधारण एकाला हा वास येतच नाही, तेव्हा शेजाऱ्याशी वाद घालू नका.

तिसरी कॅबरने सोव्हिन्यों, मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. जाड सालीचं, उशिरा पिकणारं द्राक्ष. आपल्या उन्हाशी याचं सगळ्यात कमी जमतं असं आमचं मत आहे. चिरलेल्या हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर तो तुमचा भ्रम नाही. द्राक्ष पुरतं पिकलं नाही की तो वास राहून जातो. किंचित असेल तर छान, पण नाकात तोच बसला तर आम्हीही ग्लास बाजूला ठेवतो.

शेवटची दिंडोरीकडची टेम्प्रानिओ. नाव स्पॅनिश आहे आणि त्याचा अर्थच 'लवकर येणारं'. मार्चच्या उन्हाआधी घरी पोचणारं द्राक्ष दख्खनला हवंच होतं.

सोबत काय खायचं

कोल्हापुरी तांबड्या रश्शासोबत रेड घेऊ नका. रंग जुळतो म्हणून सगळे विचारतात, पण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात आणि दोन्ही वाया जातात. सुक्या खोबऱ्यातलं सुकं मटण चालतं. त्याहून चांगली जोडी भरल्या वांग्यांची : दाण्याचं कूट, तीळ, गोडा मसाला आणि वरचं तेल, यांनी तुरटपणा इतका मऊ होतो की शिराज वेगळीच लागते. श्रीखंड, गुलाबजाम या बाजूला फिरकूच नका. गोडासोबत कोरडी रेड आंबट पाण्यासारखी वाटते.

दोन वाईनच्या मध्ये तोंड साफ करायला आम्ही क्रॅकर देत नाही. सोलापूरची कडक ज्वारीची भाकरी देतो, तुकडे करून. ना मीठ, ना तूप, ना वास. याहून उत्तम काही आम्हाला सापडलेलं नाही. सोबतची शेंगाचटणी टेस्टिंग संपल्यावर मिळेल, आधी मागू नका.

येताना

वय 21 पूर्ण हवं, ओळखपत्र सोबत आणा. पिण्याचा परवाना नसेल तर एक दिवसाचा जागेवरच काढून देतो. अत्तर, डिओ, मोगऱ्याचा गजरा त्या दिवशी नको. गजरा सुंदरच असतो, पण पाच जणांच्या ग्लासात शिरतो. पोटात काहीतरी घालून या. गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील तर या खेपेला नुसतं जेवायला या, त्याचे पैसे वेगळे आणि कमी आहेत. 'रेड वाईन हृदयाला चांगली' असं आम्ही कुणाला सांगत नाही, तुम्हीही आमच्या नावावर सांगू नका. या बाटल्यांत 12.5 ते 14 टक्के अल्कोहोल असतो, त्यामुळे गाडी घरी ठेवा. हॉलच्या फाटकासमोर रात्री साडेदहापर्यंत रिक्षा मिळतात. त्यानंतर मुख्य रस्त्यापर्यंत सात-आठ मिनिटं चालावं लागतं आणि मधला दिवा गेले दोन महिने बंद आहे.