रेडॉन तपासणी: किट लावण्याआधी एवढं वाचा

वस्तीतल्या एखाद्या घरात रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) जास्त निघाला की आम्हाला दोन तऱ्हेचे फोन येतात. "आमच्याकडेही तेवढाच असेल ना?" आणि "शेजारी कमी निघाला, मग आम्ही कशाला तपासायचं?" दोघांनाही उत्तर एकच: तुमच्या घरात मोजल्याशिवाय सांगता येत नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतही आकडे वेगळे येऊ शकतात.

खडकमातीतल्या युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो. तिथे साधारण 5 ते 15 बेकेरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) प्रति घनमीटर एवढाच असतो. घरातली उबदार हवा मात्र वर चढते, खालच्या मजल्यावर दाब किंचित कमी होतो आणि फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून जमिनीतली हवा आत ओढली जाते. थंडीत दारं-खिडक्या बंद असताना आकडा सहसा चढतो तो यामुळेच.

रेडॉनमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे 25 पट असतो. पण डोकं दुखतंय, खोकला येतोय म्हणून रेडॉनवर संशय घेऊ नका. त्याची अशी लक्षणं नसतात, म्हणून तर मोजायचं.

किट दोन प्रकारचे. कोळशाचा डबा हवेतला रेडॉन शोषून घेतो आणि काही दिवसांत उत्तर देतो. दुसरा प्रकार प्लास्टिकच्या चकतीचा: तिच्यावर अल्फा कणांचे (रेडॉनमधून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे) ओरखडे उमटतात. ती किमान तीन महिने ठेवावी लागते. घाई नसेल तर आम्ही चकतीच सुचवतो, कारण रेडॉन दिवसागणिक खालीवर होतो आणि चार दिवसांचा आकडा वर्षाची सरासरी सांगत नाही.

ठेवायचं कुठे? राहत्या घराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत, जमिनीपासून निदान अर्धा मीटर उंच. स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडकीची कड आणि पंख्याचा झोत नको. कपाटात तर नकोच (तिथून परत आलेले किट आम्ही पाहिलेत!). कोळशाचा डबा लावण्याआधी 12 तास आणि तपासणी संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद ठेवा, ये-जा चालेल. डबा उचलला की झाकण घट्ट लावून लगेच पाठवा. रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो. डबा आठवडाभर टेबलावर पडून राहिला तर प्रयोगशाळेच्या हाती फारसं काही लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वार्षिक सरासरी 100 बेकेरेलची आहे. ते शक्य नसेल तिथे 300 च्या वर जाऊ नये. अमेरिकेत 148 ला दुरुस्ती करायला सांगतात. कोळशाच्या डब्यात आकडा जास्त आला तर आधी पुन्हा मोजा, लगेच फरशी फोडायला घेऊ नका.

दुरुस्ती करायचीच ठरली तर नुसत्या भेगा बुजवून सहसा भागत नाही. फरशीखाली पाइप घालून, पंख्याने तिथली हवा ओढून छपराच्या वर सोडणं हा खात्रीचा उपाय. त्यानंतर पुन्हा तपासणी करा, आणि ती काम करणाऱ्याकडून नको. काम आम्ही केलेलं असलं तरीही दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.