पस्तिशीनंतर चान्स घेताना

‘एएमएच छान आलंय, म्हणजे अजून दोन-तीन वर्षं थांबायला हरकत नाही.’ 37-38 वर्षांच्या एखादीने असा हिशेब मांडला की मला खरोखर काळजी वाटते. रक्ताची ही तपासणी अंडाशयात बीजांडांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देते. बीजांडं कशी आहेत, ते या तपासणीतून कळत नाही. आणि पस्तिशीनंतर घोडं तिथेच अडतं.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत 60-70 लाख बीजांडं असतात. जन्मताना 10 ते 20 लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. पुढे आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम 400-500. बाकीची आपोआप विरून जातात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तरी ही गळती थांबत नाही.

म्हणजे 38व्या वर्षी बाहेर पडणारं बीजांड जन्माच्याही आधीपासून तिथेच आहे, तेही विभाजन अर्ध्यावर थांबलेल्या अवस्थेत. गुणसूत्रांच्या जोड्या गर्भातच जुळतात आणि कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी त्यांना धरून ठेवते. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की ही कडी एकदा बसली की पुन्हा नवी बसत नाही. वय वाढतं तशा कड्या सुटू लागतात. मग बीजांड पक्व होताना एखादं गुणसूत्र भलत्याच बाजूला जातं. 21वं गुणसूत्र जास्तीचं आलं तर बाळाला डाउन सिंड्रोम होतो. असे इतर बहुतेक गर्भ रुजतच नाहीत किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडतात. चाळिशीत गर्भपातांचं प्रमाण वाढतं ते मुख्यतः यामुळे. ‘जिने चढलीस म्हणून झालं’ असं कुणी सुनावलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

डाउन सिंड्रोमची शक्यता आईच्या 25व्या वर्षी साधारण 1,250त एक, 35व्या वर्षी 350त एक आणि 40व्या वर्षी 100त एक असते. वाढ मोठी आहे, पण 40व्या वर्षीही 100पैकी 99 बाळांना तो नसतो. पस्तिशीचा वाढदिवस म्हणजे कडेलोट नव्हे. उतार आधीच सुरू झालेला असतो, नंतर तो तीव्र होतो.

व्यायामाने बीपी, शुगर ताब्यात राहते आणि वाढत्या वयातल्या गरोदरपणात त्याला फार मोल आहे. पण त्या कड्या काही व्यायामाने परत बसत नाहीत. आयव्हीएफनेही, म्हणजे बीजांड आणि शुक्राणूचं शरीराबाहेर मीलन घडवूनही, नाही. मुंबईच्या केईएममध्ये 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे गेलंय. तरी बीजांडाचं वय त्याला कमी करता येत नाही. दात्रीचं बीजांड घेतलं तर यश प्रामुख्याने दात्रीच्या वयावर ठरतं. म्हणूनच अशा उपचारांसाठीच्या 2021च्या कायद्यात दात्रीचं वय 23 ते 35 ठेवलंय, तर उपचार घेणाऱ्या स्त्रीला 50 आणि पुरुषाला 55 वर्षांची मर्यादा आहे.

पुरुषाचं वयही यात मोजायला हवं. शुक्राणू सतत नवे बनतात, पण ते बनवणाऱ्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि बापाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे बाळाच्या डीएनएत साधारण दोन नव्या चुकांची भर पडते. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. तरीही वीर्यतपासणी इतकी सोपी असताना बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर नवऱ्याची पाळी येते, हे मला अजिबात पटत नाही.

पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. चाळिशी उलटली असेल तर आधीच. दिवस राहिल्यावर 11 ते 13 आठवड्यांदरम्यान सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी होतात. त्यांतून डाउन सिंड्रोमची फक्त शक्यता कळते. खात्री करायची तर 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. तो रिपोर्ट नको तसा आला तर काय करायचं, हे नवरा-बायकोने चान्स घेण्याआधीच बोलून ठेवावं. हातात रिपोर्ट आल्यावर विचार करायला दिवस फार थोडे मिळतात.