नाताळ आधी आला, ख्रिसमस मागाहून

वसईचा तह झाला २३ डिसेंबर १५३४ रोजी. मोगलांच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांच्या हवाली केली. दोन दिवसांवर नाताळ होता. हा निव्वळ योगायोग, पण वसईच्या नाताळाची गोष्ट सुरू करायला याहून सोयीची तारीख मिळणार नाही.

मुळात ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगिजांचा. चावी, पगार, बटाटा, पाद्री यांच्याबरोबर तोही मराठीत आला आणि इतका मुरला की ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही त्यांच्या घरातही शाळेला ‘नाताळची सुट्टी’च लागते. इंग्रजांचा ‘ख्रिसमस’ इथे बराच मागाहून पोचला. हल्ली तो बाजारात वरचढ झालाय, हा भाग वेगळा.

पोर्तुगिजांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन संन्यासी वसईत आले. अंतोनियो दो पोर्तो हे त्यांच्यातलं ठळक नाव. ज्या संत फ्रान्सिसच्या संघातले हे लोक, त्यानेच १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खराखुरा बैल, गाढव आणि गवताची गव्हाण मांडून येशूजन्माचा देखावा केला होता. नाताळच्या गोठ्याची परंपरा तिथपासूनची मानतात. वसईत ती रुजायला वेळ लागण्याचं कारण नव्हतं. भातशेतीचा मुलूख, दारात गुरं, खळ्यावर पेंढा. बेथलेहेम समजावून सांगायला नकाशा लागला नसेल!

गोठा करणारी घरं आजही डिसेंबर लागला की तयारीला लागतात. पसरट डब्यात माती घालून नाचणी पेरायची, रोज हाताने पाणी शिंपडायचं, दहा-बारा दिवसांत बोटभर कोवळी हिरवळ वर येते; तीच मग गोठ्यापुढचं कुरण. वर पेंढ्याचं छप्पर. गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची आणि बाळ मिस्सेनंतरच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतरच, त्यात ठेवायचं, असा अनेक घरांतला रिवाज. दारावरची चांदणी बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांची. दिवाळीच्या आकाशकंदिलाची ती सख्खी बहीण, आणि सांगाडा बांधायची रीतही तीच.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पराभूत पोर्तुगिजांना सन्मानाने निघून जाऊ दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहात ठेवली गेली. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, भीमाशंकरची, वाईजवळच्या मेणवलीची, या सगळ्या त्या मोहिमेतून आलेल्या म्हणून ओळखल्या जातात. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. म्हणजे पेशव्यांच्या हाती लागण्याआधी अठरा वर्षं तरी तिने पोर्तुगीज मुलखातली नाताळची रात्र घुमवली असणार. गोदेकाठी उभं राहून तिच्याकडे पाहताना मला नेहमी आधी तेच आठवतं.

युरोपीय धर्मगुरू गेले आणि गोव्याकडच्या देशी पाद्र्यांनी वसईकरांची काळजी वाहिली. राजाश्रय गेल्यावर हा धर्म ओसरेल असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही, आणि माझ्या मते वसईच्या इतिहासातली खरी कुतूहलाची जागा हीच आहे. सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी यांनी शेती, बोली, लुगडं, दागिने सगळं आपलं ठेवलं आणि नाताळही ठेवला. पुढे इंग्रजी अमलात मुंबईतल्या नोकऱ्यांसाठी गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती येऊ लागले, तेव्हा त्यांच्याहून आपण वेगळे हे दाखवायला इथल्या काही मंडळींनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावरचे लोक आणि नाव ईस्ट इंडियन! ते घेतलं होतं ईस्ट इंडिया कंपनीवरून. केक, झाड, शुभेच्छापत्रं हा सगळा थर याच इंग्रजी काळातला. त्याखालचा थर चुलीपाशी सापडतो. ताडी घालून फुगवलेली सांदणं, फुगे, इंदेल, आणि नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच.

भाषेची कथा याहून लांबलेली. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत छापून निघालं. आपली पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना येशूचा जन्म त्याने सांगितला तो ओवीत. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यात देशी भाषांवरच बंदीचं फर्मान काढलं. म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा मराठीत सतराव्या शतकापासून आहे, पण वेदीवरची मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. पाद्री लोकांकडे पाठ करून प्रार्थना म्हणायचे आणि खाली बसलेल्या शेतकऱ्याला शब्द पाठ, अर्थ परका. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा ठराव संमत केला, लोकभाषेला दार उघडलं, आणि मग वसईत नाताळची मिस्सा मराठीत होऊ लागली. स्टीफन्सच्या ओव्यांनंतर साडेतीनशे वर्षांनी! त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते या मराठीच्या बळावर.

अहमदनगरकडची वाट निराळी. तिथे काम करणाऱ्या प्रॉटेस्टंट अमेरिकन मराठी मिशनचं मूळ मॅसॅच्युसेट्समधलं, आणि तिथल्या प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंटांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करण्यावर पाच शिलिंग दंड लावला होता. बायबलमध्ये ही तारीख कुठे आहे, असा त्यांचा सवाल. तो कायदा १६८१ मध्ये उठला. त्याच परंपरेतून आलेल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन आणलं, आणि मिशनऱ्यांच्या विलायती चालींशेजारी टाळ-मृदंग बसला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘ख्रिस्तजयंती’ हा शब्दही ऐकू येतो, पाद्रीऐवजी तिथे ‘पाळक’ असतात आणि मिस्सेऐवजी ‘उपासना’.

वसई धर्मप्रांत मुंबईपासून १९९८ मध्ये वेगळा झाला. आता नाताळच्या रात्री चर्चमध्ये माणसं मावत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी मिस्सा बाहेर मैदानात असते. दवात भिजलेल्या खुर्च्या, आयांच्या शालीत गुरफटलेली पोरं, पुढे मराठी गाणी. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या सोयीसाठी कित्येक ठिकाणी ती बारा वाजायच्या आतच उरकते. म्हणताना मात्र लोक अजून ‘मध्यरात्रीची मिस्सा’च म्हणतात.